भुईचाफा मेलेला नाही, पाणी थांबवा

दर डिसेंबरात ठरलेली तक्रार कानावर येते: "भुईचाफा गेला हो! पाणी तर रोज घालत होतो." रोज घालत होतात, म्हणूनच गेला असेल. तोंडावर असं म्हणता येत नाही, म्हणून लिहितो.

पावसाळ्यात नर्सरीतून कुंडी घरी येते तेव्हा पानं ऐन भरात असतात. वरून हिरव्यावर रुपेरी नक्षी, खालून जांभळट. विकणारा "बारा महिने असंच राहतं" म्हणून मोकळा होतो. दिवाळीच्या आसपास पानं पिवळी पडून लोळायला लागतात आणि घरात धावपळ सुरू. पाणी वाढतं, खत पडतं, कुणी कीडनाशकही फवारतं. शेवटी कंद कुजतो आणि कुंडी कचऱ्यात.

अहो, ते झाड झोपलंय! भुईचाफा दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या मोसमी जंगलांचा रहिवासी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. तिथे पावसाचे चार महिने सरले की जमीन कोरडी पडत जाते. अशा वेळी पानं पोसण्यापेक्षा ती टाकून देणंच त्याला परवडतं. कुंडीत पाणी मिळत राहिलं तरी ही सवय सुटत नाही. कंद उपसून पाहा: मुळांच्या टोकांना पांढुरक्या, फुगीर गाठी लोंबताना दिसतील. वर्षाची शिदोरी तिथे असते. पानं नसताना झाड पाणी ओढत नाही, ओल तशीच साचते आणि नेमकी हीच शिदोरी सडते.

तेव्हा पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत थांबवा. ती वाळली की कुंडी अवकाळी पाऊस लागणार नाही अशा जागी सरकवा. वर चिठ्ठी जरूर लावा, नाहीतर घरातलं कुणीतरी सवयीने तांब्याभर पाणी ओतणारच. कंद वेगळे करून लावायचे तर तेही याच काळात.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलं थेट मातीतून वर येतात, पानांच्या आधी. "पान नाही आणि फूल कसं?" असं विचारून पुन्हा खताची पिशवी उघडू नका. खत पानं आल्यावर. एकेक फूल दिवसभरात मान टाकतं, त्यातही तुमची चूक नाही. मागून दुसरं येतं. त्यातल्या ठसठशीत पांढऱ्या-जांभळ्या 'पाकळ्या' म्हणजे रूप पालटलेले वंध्य पुंकेसर. खऱ्या पाकळ्या अरुंद असतात, सहज नजरेत भरत नाहीत.

चाफ्यासारखी फांदी खोचून हा लागत नाही. तो आल्या-हळदीच्या कुळातला. लिनियसने १७५३ सालीच त्याला 'कॅम्फेरिया रोटुंडा' असं नाव दिलं, खऱ्या चाफ्यांशी त्याचं नातं नाही. आणि सावलीतलं झाड म्हणजे दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड नव्हे. झाडाखालचा गाळीव उजेड किंवा सकाळचं कोवळं ऊन हवं. दुपारच्या उन्हात पानं करपतात.

यंदा डिसेंबरात कुंडी रिकामी दिसली तर फेकण्याआधी मातीत बोट घालून कंद चाचपा. टणक लागला तर जिवंत आहे. पाणी न घालता उन्हाळ्यापर्यंत वाट पाहा.