व्याप्ती (न्यायदर्शन)

हेतू आणि साध्य यांच्यातील नियत साहचर्यास न्यायदर्शनात व्याप्ती म्हणतात. डोंगरावर धूर पाहून अग्नीचे अनुमान होते, ते ‘जेथे धूर तेथे अग्नी’ या व्याप्तीमुळे. ‘जेथे अग्नी तेथे धूर’ हे मात्र खरे नाही; तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओल्या सरपणाचा संयोग ही येथे उपाधी होय.

चार्वाकांचा आक्षेप थेट मुळावर आहे. भूत, भविष्य व दूरदेशीचा धूर कोणी पाहिलेला नसताना हा नियम सार्वत्रिक कसा मानावा? उदयनाचार्यांचे (इ.स.चे सुमारे १०वे शतक) ‘न्यायकुसुमांजली’तील उत्तर मार्मिक आहे: न पाहिलेल्या देशकालाविषयी शंका घेणे हेच मुळी अनुमानावाचून शक्य नाही, शिवाय स्वतःच्या व्यवहाराशी विरोध येताच शंका थांबते. पुढे श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त हे उत्तरही अमान्य केले. डेव्हिड ह्यूम (१७११–१७७६) याने उपस्थित केलेला विगमनाचा प्रश्न याच जातीचा आहे.