गंजापासून शस्त्राचे रक्षण : मुलामा, कायदा आणि वालधुनी

उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरे लोखंडाची कसोटी पाहणारी आहेत. पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. कपाटातील कुलूप, शिवणयंत्राचा दांडा, शेतातील अवजार, सर्वांवर तांबूस थर चढतो. परवानाधारकाच्या घरातील पिस्तूलही याला अपवाद नाही. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेले शस्त्र परत मिळाल्यावर, किंवा वर्षभर चामडी म्यानात पडून राहिलेले शस्त्र बाहेर काढल्यावर, त्यावर गंजाचे ठिपके दिसतात. चामडे दमटपणा धरून ठेवते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

अशा वेळी मालकाच्या मनात एक सोपा विचार येतो. या पट्ट्यात धातूवर मुलामा चढविणारे लहान कारखाने आहेत. त्यांपैकी एखाद्याकडे पिस्तूल दिले तर चार दिवसांत काम होईल. हा विचार सोपा असला तरी तो कायद्याने निषिद्ध आहे, आणि तांत्रिकदृष्ट्याही धोक्याचा आहे.

मुलाम्याचे प्रकार

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज निर्माण होतो. हाताच्या घामातील क्षार त्याला वेग देतात. या तिघांची भेट होऊ न देणे, हेच प्रत्येक संरक्षक लेपाचे काम होय.

सर्वांत जुनी रीत निळाईची. पोलादाचा भाग कॉस्टिक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणात बुडविला जातो. पृष्ठभागावर लोहाच्या काळसर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. तो दिसायला सुंदर असतो. पण तेलाचा हात सतत फिरत राहिला तरच टिकतो. फॉस्फेटचा थर करडा व किंचित खरबरीत असतो. तो तेल शोषून धरतो, म्हणून लष्करी शस्त्रांवर त्याचा मोठा वापर झाला. विजेच्या साह्याने चढविलेला कडक क्रोमचा मुलामा झिजेला उत्तम तोंड देतो. विजेशिवाय, केवळ रासायनिक क्रियेने चढणारा निकेलचा थर कोपऱ्या-खाचांतही सारख्या जाडीचा बसतो. अलीकडे बहुवारिक व सिरॅमिक द्रव्यांचे लेप फवारून ते भट्टीत पक्के करण्याची पद्धत रूढ झाली आहे. या लेपाची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकी असते.

कामाचा क्रम

शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून ते पूर्ण सुटे केले जाते. प्रत्येक भाग तेलमुक्त करून गंज काढला जातो. नंतर बारीक अपघर्षक कणांच्या फवाऱ्याने पृष्ठभाग एकसारखा केला जातो. लेप किती वर्षे टिकणार हे या पूर्वतयारीवरच अवलंबून असते. बोटाचा ठसा उमटला, तरी त्या जागी लेप सुटू शकतो.

सर्वच भागांना मुलामा देऊन चालत नाही. नळीचा आतील भाग व काडतूस बसण्याची जागा यांची मापे काटेकोर असतात. तेथे अनाठायी थर चढला तर शस्त्र अडकते. विद्युत मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कठीण पोलाद ठिसूळ होते. म्हणून असे भाग मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास तापवावे लागतात, आणि स्प्रिंगांना तर असा मुलामा टाळणेच इष्ट. दरवाजाच्या मुठीला मुलामा देणारा कारागीर आपल्या कामात कितीही निष्णात असला, तरी या बाबी त्याच्या नित्याच्या अनुभवातील नसतात.

कायदा काय सांगतो

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची निर्मिती व विक्रीप्रमाणेच दुरुस्तीलाही परवाना लागतो. त्यामुळे मुलाम्यासाठी शस्त्र केवळ परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यावे आणि त्याची रीतसर पावती घ्यावी. कलम ८ अन्वये शस्त्रावर कोरलेले नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे वा बदलणे हा गुन्हा आहे. घासकाम करताना क्रमांक अस्पष्ट होणार नाही, आणि नव्या लेपाखाली तो बुजणार नाही, याची काळजी घेणे मालकाच्याही हिताचे आहे. शंका असल्यास परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे व अन्यत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, आधी विचारणा करावी.

अंबरनाथचा वारसा

धातू आणि शस्त्रसामग्री यांच्याशी अंबरनाथचे नाते जुने आहे. येथील आयुधनिर्माणी व यंत्र-आदिरूप कारखाना यांनी धातुकामातील कुशल कामगारांच्या पिढ्या घडविल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात कंपन्या आल्या, तेव्हा हे दोन कारखाने अनुक्रमे यंत्र इंडिया आणि आर्मर्ड व्हेइकल्स निगम यांच्याकडे गेले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळाही अंबरनाथलाच आहे. खाऱ्या पाण्यात धातू कसा टिकवावा, हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होय.

नदीचे देणे

मात्र लोखंडाला वाचविणारी द्रव्ये माणसाला व पाण्याला घातक ठरू शकतात. क्रोम मुलाम्याच्या टाकीतून उठणाऱ्या तुषारांत षट्संयुजी क्रोमियम असते. त्याने नाकातील पडद्याला छिद्र पडते आणि दीर्घकाळ संपर्क राहिल्यास फुफ्फुसाचा कर्करोग संभवतो. म्हणून टाकीवर हवा ओढून घेणारी यंत्रणा आणि कामगाराला हातमोजे, मुखपट्टी ही चैन नव्हे.

धुण्याचे पाणी तसेच गटारात सोडले तर ते वालधुनीत व पुढे उल्हास नदीत जाते. सन १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहणारी ही वालधुनी. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात तिच्यात चोरून सोडलेल्या रसायनांच्या वायूने अनेक रहिवाशांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. यावरील उपाय ज्ञात व साधा आहे. आम्लयुक्त पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळले की षट्संयुजी क्रोमियम कमी विषारी त्रिसंयुजी रूपात येते. नंतर चुन्याने ते गाळाच्या रूपाने खाली बसते. बाहेर सोडावयाच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये, आणि गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडेच गेला पाहिजे.

ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांना येथे मोठे काम करता येईल. नाल्याच्या पाण्याचा रंग पिवळसर वा हिरवा दिसला, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला तात्काळ कळविणे त्यांच्या हाती आहे. परवानाधारकांनाही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कोरड्या जागी, चामडी म्यानाबाहेर, तेलाचा हलका हात देऊन ठेवलेल्या शस्त्राला नव्या मुलाम्याची गरज क्वचितच भासते. जेथे ती भासेल, तेथे परवानाधारक कारागीर, शाबूत क्रमांक आणि शुद्ध करून सोडलेले पाणी, या तीन गोष्टी पाहूनच काम सोपवावे.