पॅडलचे वजन आणि वजनाची जागा

हातोडा दांड्याला धरून हवेत हलवून पाहा. मग तोच उलटा, लोखंडी डोक्याकडून धरून हलवा. वजन तेवढेच, पण दुसऱ्या वेळी हातोडा कितीतरी हलका वाटतो. पिकलबॉलचे पॅडल घेताना हाच अनुभव उपयोगी पडतो. दुकानात मात्र आपल्याला फक्त वजनाचा आकडा सांगतात, आणि 'हलके तेवढे चांगले' असे समजून आपण पैसे मोजतो.

हा खेळ १९६५ साली अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर सुरू झाला. पहिली पॅडल्स प्लायवुडची होती. १९८४ मध्ये आर्लेन पॅरांटो या अभियंत्याने विमानबांधणीत वापरतात तसल्या, मधमाशांच्या पोळ्यासारख्या पोकळ थराचे पॅडल बनवले. आजची बहुतेक पॅडल्स याच जातीची आहेत. मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढेच. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो. या पट्ट्यात उभे राहून चेंडू टप्पा पडण्याआधी मारता येत नाही.

या पट्ट्यांच्या कडेला समोरासमोर उभ्या राहिलेल्या खेळाडूंमध्ये १४ फूट, म्हणजे सुमारे ४.३ मीटर अंतर उरते. ताशी ५० किलोमीटर वेगाचा चेंडू ते ०.३ सेकंदात कापतो. एवढ्या वेळात पॅडल वळले पाहिजे. मागच्या रेषेवरून जोरदार फटके मारणाऱ्याला हात फिरवायला सवड असते. त्याला पुढच्या टोकाकडे जड असलेले पॅडल फायद्याचे ठरते. म्हणजे दोघांनाही पाहायचे आहे ते पॅडल फिरायला किती विरोध करते हे. यालाच निरूढी परिबल म्हणतात. त्यात प्रत्येक कणाचे वस्तुमान अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणले जाते. वर्गामुळे सगळी गंमत होते. मुठीजवळच्या अक्षापासून ५ सें.मी.वर १० ग्रॅमची पट्टी चिकटवली आणि तीच ३५ सें.मी.वर, टोकाजवळ चिकटवली, तर दुसऱ्या ठिकाणी तिचा परिणाम ४९ पट होतो. तराजू दोन्ही वेळा तेच सांगेल!

वर्गात हे मोजता येते. मुठीच्या टोकापासून ५ सें.मी.वर सायकलची तार (स्पोक) आडवी घट्ट बांधा. तारेची टोके दोन बाकांच्या कडांवर टेकवून पॅडल मधल्या फटीत लोंबू द्या. थोडेसे हलवून दहा आंदोलनांचा वेळ मोजा व दहाने भागा. हा आंदोलनकाल. मग पॅडल बोटावर तोलून गुरुत्वमध्य शोधा आणि तारेपासून त्याचे अंतर मोजा. वस्तुमान (किलोग्रॅम), हे अंतर (मीटर) आणि आंदोलनकालाचा वर्ग यांचा गुणाकार करून चाराने भागा. (सूत्रात g भागिले ४π² येते, ते जवळजवळ पाव आहे.) समजा पॅडल २३० ग्रॅमचे, अंतर १९ सें.मी. व आंदोलनकाल १.०३ सेकंद; तर उत्तर सुमारे ०.०११५ येते. नुसत्या आंदोलनकालावरून निष्कर्ष काढू नका. टोक जड केले की गुरुत्वमध्यही दूर जातो, त्यामुळे काळ फारसा बदलत नाही. विद्यार्थी इथेच हमखास फसतात, आणि फसू द्यावेत.

वरच्या पॅडलच्या टोकाजवळ त्या १० ग्रॅमची भर घातली तर वजन चार टक्क्यांनी वाढते, पण निरूढी परिबल दहा टक्क्यांहून अधिक. जाळ्याजवळ खेळणाऱ्याच्या मनगटाला हा फरक लगेच कळतो. फटका मारणाऱ्याला तोच हवा असतो.

आता आकार. नियमानुसार लांबी व रुंदी मिळून २४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही, आणि लांबी १७ इंचांपर्यंतच. म्हणून ही मर्यादा गाठलेल्या पॅडलची लांबी वाढवायची तर रुंदी द्यावी लागते. लांब पॅडल दूरचा चेंडू गाठते, पण अरुंद असल्याने चेंडू कडेला लागला की मुठीत पिळवटते. इथेही अंतराचा वर्गच काम करतो; फक्त अक्ष आता पॅडलच्या लांबीतून जातो. नवशिक्यांचे चेंडू मधोमध क्वचितच लागतात. शाळेसाठी दोन-चार पॅडल्स घ्यायची असतील, तर आम्ही १६ इंच लांब व ८ इंच रुंद अशी मध्यम वजनाचीच घेऊ. जाळ्याजवळ चपळ ठरलेल्या मुलीसाठी त्यांतले कोणते राखून ठेवायचे, ते तारेवर टांगून ठरवता येईल.