तुरीची मर आणि एक हिरवी बुरशी

दारव्हा तालुक्याच्या काळ्या जमिनीत कपाशीच्या जोडीने तुरीचे तास धरण्याची वहिवाट जुनी आहे. आणि कार्तिक-मार्गशीर्षात, तूर फुलोऱ्यातून शेंगांत येत असताना, हिरव्यागार ओळीतील एखादे झाड पिवळे पडून मान टाकते, हा अनुभवही तितकाच जुना. शेतकरी याला 'मर' म्हणतात. अशा झाडाचे खोड उभे चिरले असता आत तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. ज्या वाहिन्यांतून पाणी वर चढावयाचे, त्याच फ्युजेरियम उडम या बुरशीने निकामी केलेल्या असतात. बटलर या कवकशास्त्रज्ञाने १९१० साली या बुरशीचे नामकरण केले. धसकटांच्या आश्रयाने ती वर्षानुवर्षे जमिनीत ठाण मांडून राहत असल्यामुळे पानांवरील फवारणीचा तिच्यापुढे काही इलाज चालत नाही.

तिचा बंदोबस्त मातीतच नांदणाऱ्या दुसऱ्या बुरशीकडून करवावा, या विचाराचे फळ म्हणजे ट्रायकोडर्मा. १७९४ साली पर्सून या कवकशास्त्रज्ञाने तिला नाव दिले. पण इतर बुरशींवर उपजीविका करण्याचा तिचा स्वभाव वाइंडलिंग या संशोधकाने १९३२ मध्ये उघडकीस आणला. शत्रूच्या तंतूंना ती वेटोळे घालते, विकरे स्रवून त्यांच्या भित्ती विरघळविते आणि मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावून बसते.

१९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा वनस्पतिरोगशास्त्र विभाग विदर्भात तिचा प्रसार करीत आला आहे. प्रयोगशाळेत बटाटा व शर्करा यांच्या पोषकद्रव्यावर तिचा पांढरा, कापसासारखा थर वाढतो, काही दिवसांतच बीजाणूंनी हिरवा होतो, आणि शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून पुडीत भरला जातो. पेरणीच्या दिवशी किलोभर बियाण्यास चार-पाच ग्रॅम भुकटी किंचित ओलाव्यावर चोळून बी सावलीत सुकवितात. कुजलेल्या शेणखतात मुरवूनही ती जमिनीत देतात.

मात्र हे औषध सजीव आहे. उन्हात ठेवलेली, मुदत उलटलेली किंवा कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकात कालवलेली पुडी म्हणजे निव्वळ माती होय. शिवाय ती एकटी पुरी पडत नाही. बीएसएमआर ७३६ सारखे प्रतिकारक वाण, पिकांची फेरपालट आणि ज्वारीचे आंतरपीक यांची साथ तिला हवीच. मर लागलेले झाड ट्रायकोडर्मा उठवीत नाही. म्हणून शेतकऱ्याने पुडीवरील तारीख पाहून, तिफण जुंपण्यापूर्वीच ही तजवीज करावी.