घर घेण्यापूर्वी आडाचे पाणी तपासा

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजारगावी घराचा सौदा ठरतो, तेव्हा उतारा पाहिला जातो, चतुःसीमा मोजल्या जातात, भिंतींची ओल पारखली जाते. आडाला उन्हाळ्यात पाणी राहते काय, हेही विचारले जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात पाण्याचा आड हे घराचे मोठेच मोल होय. परंतु त्याच परसात सेप्टिक टाकी असेल, तर ते पाणी पिण्यास योग्य आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

दूषण कसे होते?

सेप्टिक टाकीत मैला तळाशी बसतो. बाहेर पडणारे पाणी निर्मळ झालेले नसते. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम व त्याखाली भेगाळ काळा पाषाण आहे. शोषखड्डा मातीचा थर ओलांडून मुरुमात उतरला, की रोगजंतू गाळले न जाता भेगांवाटे आडापर्यंत पोहोचू शकतात. भारतीय मानकानुसार शोषखड्डा व पिण्याच्या पाण्याचा साठा यांत किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट अंतर असावे. भेगाळ खडकात एवढेही अंतर नेहमीच पुरते असे नाही. म्हणून तपासणी आवश्यक ठरते.

काय तपासावे?

१०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू मुळीच नसावेत. नायट्रेट दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. नायट्रेट उकिरड्यातून व खतांतूनही येते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. आणि ते सहा महिन्यांखालील बालकांस विशेष घातक आहे.

नमुना कसा घ्यावा?

आडात नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असल्यास जंतूंचा दोष झाकला जातो. म्हणून ती केव्हा टाकली, हे आधी विचारावे. प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत नमुना भरून तो थंड ठेवावा व २४ तासांच्या आत पोहोचवावा. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते व दूषण वाढण्याचा संभव असतो. यास्तव उन्हाळ्यातील एकाच अहवालावर विसंबू नये.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २००१ च्या कायद्याने खाजगी विहिरीचे घर विकताना पाणी तपासणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे खरेदीखताच्या नोंदणीस असा दाखला लागत नाही. तथापि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदारास साध्या दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक असल्यास त्याने तो सांगितला पाहिजे. तेव्हा इसार देण्यापूर्वीच अहवाल मागावा व तपासणीची अट इसारपावतीत लिहून घ्यावी.

दोष आढळल्यास

दर १,००० लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकून एक तास थांबावे. परंतु हा तात्पुरता उपाय होय. शोषखड्डा दूर हलविणे, टाकीची गळती बंद करणे व आडास पक्का कठडा बांधणे हेच खरे उपाय होत. त्यांचा खर्च सौद्याच्या वेळीच हिशेबात धरावा. तोवर पिण्यासाठी दुसरे पाणी वापरावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी गावात घराचा सौदा होत असल्याचे कळताच दोन्ही पक्षांस ही माहिती द्यावी. तपासणीस लागणारे चार दिवस घरातील तान्ह्या मुलाच्या जिवापुढे काहीच नव्हेत.