कुकर, कुवेत आणि भरीत

भरीत म्हटलं की जळगावची वांगी डोळ्यांपुढे येतात. पण कुवेतमध्ये जुलैत वांगं गॅसवर भाजून बघा! बाहेर पारा पन्नाशीकडे, खिडकी उघडायची सोय नाही, आणि एसी तो धूर इमानेइतबारे प्रत्येक खोलीत पोहोचवतो. त्यापेक्षा कुकरला गाजर, बीट, बटाटा नाहीतर रताळं लावावं. तीन शिट्ट्या, एक रवी किंवा पावभाजीचा मॅशर, वाटीभर दही, वर फोडणी. सालमिया असो की फहाहील, शुक्रवारच्या पंगतीत पानाची डावी बाजू भरली.

या भरतात मराठी काय, असं कुणी विचारलं तर पंचाईत होईल. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. टिटिकाका सरोवराच्या आसपास त्याची शेती हजारो वर्षांपूर्वी सुरू झाली. रताळंही अमेरिकेचंच. कोलंबसाच्या आधीच ते पॅसिफिक ओलांडून पॉलिनेशियातल्या बेटांवर पोहोचलं होतं. गाजराचं माहेर इराण-अफगाणिस्तानच्या पट्ट्यात, आणि तेव्हाची गाजरं जांभळी नाहीतर पिवळी. बीट भूमध्य सागराच्या काठचं. म्हणजे सगळे बाहेरून आलेले, कुवेतमधल्या आपल्यासारखेच. सुरण तेवढा आपल्याच भागातला, आणि नेमका तोच घशाला खाजतो! त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून सुरणाच्या भरतात चिंच किंवा आमसूल हवंच.

आणि हो, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात बटाटा हे मूळच नाही, ते जमिनीखाली फुगलेलं खोड आहे. गाजर, बीट आणि रताळं मात्र खरी मुळं. उपवासाला या वादाने काही बिघडत नाही. आपल्या एकादशीने अमेरिकेहून आलेले दोन्ही पाहुणे बिनबोभाट घरात घेतले आणि गव्हा-तांदळाला दाराबाहेर ठेवलं.

बटाटे उकडायचे तर थंड पाण्यापासून सुरुवात करावी असं सांगतात. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर फुटून जातो आणि मधला भाग कच्चा राहतो. आता कुवेतच्या उन्हाळ्यात थंड पाणी आणायचं कुठून? गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात, थंडाचा नळ सोडला तरी हाताला चटका बसतो. मुरलेल्या कुवेतकरांची युक्ती उलटी असते. उन्हाळाभर गीझर बंद ठेवायचा. त्याच्या टाकीतलं पाणी घराच्या गारव्यात निवतं, मग आंघोळीला गार पाणी हवं तर गरम पाण्याचा नळ सोडायचा. स्वयंपाकाला अर्थात पिण्याचंच पाणी. या देशात 21 जुलै 2016 रोजी मित्रिबा इथे 53.9 अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलंय, तेव्हा नळाला दोष देण्यात अर्थ नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, कुवेतला एकही बारमाही नदी नाही. पूर्वी शत्त-अल-अरब नदीचं गोडं पाणी होड्यांत भरून आणत. 1953 साली समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला आणि तेव्हापासून कुकरातलं पाणी समुद्रातून येतं. तरीही देशात शेती आहे! दक्षिणेला सौदी सीमेजवळ वफ्रा आणि उत्तरेला इराकच्या सीमेजवळ अब्दली. वाळूत ठिबक आणि हरितगृहं लावून तिथे टोमॅटो, काकडी, बटाटासुद्धा पिकवतात. तिथल्या भाजीचा बहर हिवाळ्यात, म्हणजे आपल्या भोगीच्या सुमाराला. गाजरं मात्र बरीचशी ऑस्ट्रेलियाची, एका मापाची, केशरी. दिल्लीची लालबुंद गाजरं दिसली तर सोडू नका. त्यांचा लाल रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोला असतो तोच.

गाजराचं भरीत हे माझ्या मते या घराण्यातलं सगळ्यात दुर्लक्षित पात्र. गाजरं वाफवून जाडसर ठेचायची, त्यात दही, मीठ, चिमूटभर साखर, मूठभर दाण्याचं कूट. तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची तडतडली की वर ओतायची. कोथिंबीर. झालं. तूप नुसतं चवीला नसतं. गाजरातलं बीटा कॅरोटिन शिजवल्यावर आणि सोबत स्निग्ध पदार्थ असला की अंगी जास्त लागतं. फोडणीला नाक मुरडणाऱ्या मुलांना हे ऐकवून फायदा नाही, पण डाएटवाल्या नवऱ्याला जरूर ऐकवावं.

दही कधी घालायचं, यावर घराघरात भांडणं आहेत. ठेचलेलं पूर्ण निवल्यावरच, आणि पानं घेताना. गरमात घातलं तर दही फुटतं आणि आधी कालवून ठेवलं तर पाणी सुटतं. कुवेतच्या दुकानांत लबने मिळतं, ते म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. भरीत घट्ट हवं असेल तर झकास, फक्त त्यात बहुतेकदा मीठ असतं. आधी चाखा.

मिक्सरला मात्र हात लावू नका. पात्याने बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि भरताची खळ होते. पॅरिसचे विख्यात शेफ जोएल रोबुशाँ ज्या ठेचलेल्या बटाट्यांसाठी नावाजले गेले, ते चाळणीतून हाताने काढलेले असत. त्यांच्या छापील कृतीत किलोभर बटाट्याला पाव किलो लोणी आहे. वाचूनच ढेकर येते.

रताळ्याचं तंत्र निराळं. मंद आचेवर, ओव्हनमध्ये सालीसकट भाजा. हळूहळू तापताना त्यातलं एन्झाइम स्टार्चची साखर करत राहतं, म्हणून मायक्रोवेव्हमध्ये घाईने शिजवलेलं रताळं कमी गोड लागतं. बेळगाव-चंदगडच्या लाल मातीतल्या रताळ्यांची सवय असलेल्यांना इथली रताळी फिकी वाटतात. त्यांनी ही युक्ती करून पाहावी.

शेवटी बीट. लेबनीज हॉटेलात गेलात तर मुतब्बल शमंदर मागवा. उकडून ठेचलेलं बीट, ताहिनी, लसूण, दही. हुबेहूब आपलं बिटाचं भरीत, फक्त फोडणीऐवजी तिळाची पेस्ट आणि वर ऑलिव्ह तेल. आपण त्यावर तिळकूट भुरभुरलं तर दोन्ही घराणी एका वाटीत येतील. व्यवहार काही नवा नाही: कुवेतची गलबतं खजूर घेऊन मुंबईला येत, सागवान आणि तांदूळ घेऊन परतत, आणि 1961 साली दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालायचा.

बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात काहींना लालसर रंग दिसतो. तो बिटातल्या बेटानिनचा. सगळ्यांना दिसत नाही, त्यामुळे घरातल्या एकालाच दिसला की तो हमखास हादरतो. तेव्हा रात्री पाहुणे जेवले असतील तर निरोप घेतानाच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर सकाळी सहाला फोन येतो.