इसार दिल्यावर ट्रॅक्टर महागला तर?



हंगामाच्या तोंडावर जालन्यात मस्तगडाजवळ आपले एक सभासद भेटले. हातात ट्रॅक्टर एजन्सीची पावती, तोंड उतरलेले. दोन महिन्यांपूर्वी २५,००० रुपये भरून त्यांनी ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर बुक केला होता. आता ट्रॅक्टर आला, तर एजन्सीवाले म्हणतात, भाव वाढला, वरचे १८,००० आणा. "साहेब, बैलबाजारात इसार दिला की बोली पक्की. इथं कसं काय फिरतं?" असा त्यांचा सवाल.

१८,००० ही रक्कम लहान नाही. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. म्हणजे पाच टन ऊस गेला, आणि त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते ती वेगळीच. म्हणून हा विषय मांडत आहे. मोटार किंवा मोटारसायकल घेणाऱ्यांनाही तो लागू आहे.

आम्ही तिथेच पावती उलटून पाहिली. मागे बारीक अक्षरात छापले होते : "डिलिव्हरीच्या दिवशी असेल ती किंमत लागू राहील." खाली सभासदांची सही. बैलबाजारातली बोली आणि ही बोली यांत फरक पडतो तो इथे.

भाववाढ झाली की आधी तिचे कारण विचारावे. कारणे तीन प्रकारची असतात.

१) कर बदलला : १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, सौद्यानंतर वाढलेला कर घेणाऱ्याने द्यायचा आणि कमी झालेल्या कराचा फायदाही घेणाऱ्यालाच मिळायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. मूळ किंमत ७ लाख धरली तर ४९,००० रुपये वाचतात. आधी बुकिंग केलेल्यांनीही बिल व डिलिव्हरी त्यानंतरची असेल तर बिलावरचा दर तपासावा.

२) कंपनीने भाव वाढवला : १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागू झाले, इंजिने बदलली आणि भाव चढले. अशा वेळी पावतीवर काय लिहिले आहे, त्यावरच सारे ठरते.

३) एजन्सीने डिलिव्हरी लांबवली : इथे आपली बाजू भक्कम. हरियाणा अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज कॉर्पोरेशनविरुद्ध एक ट्रॅक्टर घेणारा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुद्दाम डिलिव्हरी लांबवून वाढीव भाव घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असा निकाल १९९४ साली लागला.

आता करायचे काय?

– वाढीचे कारण व तारीख लेखी मागावी. विमा, पासिंग व जोड-अवजारांचे पैसे वेगळे लिहून घ्यावेत.
– पैसे भरणे भागच असेल तर "हरकत राखून भरले" असे लिहून भरावे व पोच घ्यावी.
– बँकेचे कर्ज जुन्या कोटेशनवर मंजूर असते. वाढलेला फरक आपल्याच खिशातून जातो, म्हणून बँकेला लगेच कळवावे.
– सौदा सोडायचा तर इसार परत मिळण्याची अट आधी वाचावी.
– ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मात्र ट्रॅक्टर स्वतःच्या शेतीसाठी वा पोटापाण्यासाठी असावा. ड्रायव्हर ठेवून चार-चार ट्रॅक्टर भाड्याने लावले असतील तर "व्यापारी वापर" अशी हरकत येते.

आपल्या सभासदांचे काय झाले? कोटेशनवर डिलिव्हरीची तारीख शिक्क्यानिशी होती, आणि ट्रॅक्टर तीन आठवडे उशिरा आला होता. तेवढ्या मुद्द्यावर साधा अर्ज दिला. एजन्सीने निम्मा फरक सोडला. उरलेले ९,००० भरावे लागले, कारण सही त्यांचीच होती.

तेव्हा बंधूंनो, ऊस काट्यावर चढला की आपण आकडा वाचल्याशिवाय पावती खिशात घालत नाही. तीच सवय शोरूममध्ये ठेवावी. इसार देण्यापूर्वीच "ही किंमत अमुक तारखेपर्यंत कायम" एवढी एक ओळ शिक्क्यासह लिहून घ्या. एजन्सीवाला लिहून देत नसेल, तर भाव वाढू शकतो हे धरूनच इसार द्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी